दारात उभी राहणारी कंपनीची गाडी आणि पगारातली कपात : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत कॉम्प्रेसर बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. ओळख पटू नये म्हणून कंपनीचे आणि कामगारांचे नाव येथे दिलेले नाही. विकलेल्या यंत्रांच्या देखभालीसाठी या कंपनीकडे अकरा सेवा तंत्रज्ञ होते आणि ते सर्व कारखान्याच्याच हजेरीपटावर होते. चाकण, रांजणगाव, शिरवळ, कुरकुंभ अशा ठिकाणच्या ग्राहकांकडे यंत्र बंद पडले की चार तासांच्या आत तंत्रज्ञ पोहोचेल, अशी हमी कंपनी आपल्या देखभाल करारांत देत असे. या हमीसाठी प्रत्येक तंत्रज्ञाकडे कंपनीच्या मालकीची एक छोटी व्हॅन दिलेली होती. तिच्यात सुटे भाग, तेलाचे कॅन, पान्यांचा संच आणि दाब मोजण्याची उपकरणे असत.

गाडी रात्री तंत्रज्ञाच्या घरापाशी उभी राहत असे. ही सवलत कोणी मागून घेतलेली नव्हती. काही वर्षांपूर्वी व्यवस्थापनानेच लेखी सूचना काढून गाड्या रात्री कारखान्यात न आणण्यास सांगितले होते, कारण मध्यरात्री फोन आल्यावर आधी कारखान्यात येऊन गाडी घ्यायची म्हटले तर चार तासांची हमी पाळता येत नव्हती. या सूचनेची एक प्रत एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने जपून ठेवली होती आणि पुढे संपूर्ण प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेला कागद तोच ठरला.

वाद कशामुळे उभा राहिला

मार्च २०२३ मध्ये कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने एक परिपत्रक काढले. निवासस्थान ते कामाचे ठिकाण या प्रवासासाठी कंपनीचे वाहन वापरणाऱ्या प्रत्येकाकडून एप्रिलच्या पगारापासून दरमहा १,८०० रुपये ‘वाहन वापर शुल्क’ म्हणून कापले जातील, असे त्यात म्हटले होते. सोबत एक छापील संमतिपत्र होते. नऊ जणांनी त्यावर सही केली, दोघांनी केली नाही. कपात मात्र अकराही जणांची सुरू झाली.

यापाठोपाठ आणखी दोन प्रकारच्या कपाती आल्या. गाडीच्या नुकसानीची रक्कम ती ज्याच्या ताब्यात होती त्याच्या पगारातून वळती होऊ लागली आणि कंपनीच्या नावावर आलेली वाहतूक पोलिसांची ई-चलनेही त्याच मार्गाने वसूल होऊ लागली. पगारचिठ्ठीवर या तिन्ही रकमा ‘इतर कपात’ या एकाच रकान्यात येत असत, त्यामुळे कोणत्या महिन्यात कशासाठी किती कापले हे कामगाराला विचारल्याशिवाय कळत नसे. बावीस-तेवीस हजारांच्या पगारात अठराशे रुपये म्हणजे अनेकांच्या घरातला मुलांच्या शिकवणीचा किंवा आईवडिलांच्या औषधांचा महिन्याचा खर्च होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हे तंत्रज्ञ त्यांच्या कामगार संघटनेमार्फत माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. त्यांचा पहिला प्रश्न असा होता की अठराशे रुपये जास्त आहेत का आणि हजारापर्यंत खाली आणता येतील का. माझ्या मते प्रश्नाची सुरुवातच तेथून करणे योग्य नव्हते. दराची घासाघीस करण्याआधी ती गाडी रात्री दारात कोणाच्या कामासाठी उभी आहे हे ठरवायला हवे होते आणि त्याचे उत्तर व्यवस्थापनाच्या स्वतःच्या जुन्या सूचनेत लिहिलेले होते.

अठराशेचा आकडा कोठून आला

हा आकडा नेमका का, याचा शोध घेतला तेव्हा कंपनीच्या लेखा विभागाकडून उत्तर मिळाले. आयकर नियम, १९६२ मधील नियम ३ नुसार मालकाने दिलेली, १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाची मोटार अंशतः कार्यालयीन आणि अंशतः खासगी कामासाठी वापरली जात असेल आणि तिचा खर्च मालक करीत असेल, तर त्या सोयीचे मूल्य दरमहा १,८०० रुपये धरले जात असे. लेखा विभागाने तोच आकडा उचलला होता.

येथे दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. आयकरातील हे मूल्य कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात मिळवण्यापुरते असते. मालकाने तेवढी रक्कम पगारातून कापून स्वतःकडे ठेवावी, असे त्यातून कोठेही निघत नाही. शिवाय मालकाने पुरवलेल्या वाहनाने घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत केलेला प्रवास हा मोफत किंवा सवलतीत दिलेला लाभ मानला जाणार नाही, असे आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १७(२) खालील स्पष्टीकरणात म्हटलेले होते. म्हणजे ज्या प्रवासासाठी कंपनी शुल्क लावत होती तो प्रवास कराच्या दृष्टीनेही लाभात मोडत नव्हता आणि या तंत्रज्ञांचे वार्षिक उत्पन्न असे होते की सवलतीनंतर त्यांना आयकरही लागत नव्हता. लेखा विभागाने हे वाईट हेतूने केले, असे मला वाटत नाही. पण एका कायद्यातला आकडा दुसऱ्या कायद्याच्या कामात वापरला की भुर्दंड शेवटी पगारचिठ्ठीवर पडतो, हे येथे स्पष्ट दिसले.

कायद्याची चौकट

त्या वेळी वेतन प्रदान अधिनियम, १९३६ लागू होता. त्याच्या कलम ७ ची रचना समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण सर्वसाधारण समज नेमका उलटा असतो. मालकाला काय कापता येणार नाही याची यादी त्यात नाही. काय कापता येईल याची यादी आहे आणि त्या यादीबाहेरची प्रत्येक कपात अवैध ठरते. मालकाने पुरवलेल्या सोयी व सेवांसाठीची कपात यादीत आहे, परंतु ती सोय राज्य शासनाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने आदेशाद्वारे मान्य केलेली असली पाहिजे. कलम ११ नुसार कामगाराने ती सोय स्वीकारलेली असली पाहिजे आणि कपात त्या सोयीच्या मूल्यापेक्षा अधिक असता कामा नये. कामासाठी लागणारी हत्यारे व कच्चा माल यांचा पुरवठा ही ‘सेवा’ नव्हे, असेही स्पष्टीकरण कायद्यातच आहे. पाने आणि सुट्या भागांनी भरलेली व्हॅन हे हत्यारच आहे, हा आमचा युक्तिवाद होता. तो प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली कपातीचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने, मान्य केलाच असता असे मी म्हणणार नाही, पण शासनाचा आदेश कंपनीकडे नव्हता हा मुद्दा मात्र वादापलीकडचा होता.

संमतिपत्रांमुळे कामगार सर्वांत जास्त घाबरले होते. सही केली म्हणजे आता बोलण्याचा हक्क गेला, अशी त्यांची समजूत होती. कलम २३ नेमके यासाठीच आहे: या कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा कोणताही करार, तो हक्क हिरावून घेण्यापुरता, शून्य ठरतो. सही करणारे नऊ आणि न करणारे दोन यांच्या दाव्यात म्हणून काहीच फरक पडत नव्हता.

नुकसानीच्या कपातीला कायद्यात जागा आहे, पण ती अरुंद आहे. वस्तू कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असावी, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले असावे, कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक नसावी आणि कपातीपूर्वी त्याला कारण दाखवण्याची संधी मिळालेली असावी. ई-चलनाचा दंड या तरतुदीच्या शब्दांत बसत नाही, कारण तो सोपवलेल्या मालाचे नुकसानही नाही आणि ज्या रकमेचा हिशेब द्यायचा असतो तिची तूटही नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय वाटाघाटीचा होता आणि व्यवस्थापनाने स्वतःच एक तोडगा पुढे केला. कपात बंद करू, पण प्रत्येकाने दर महिन्याला अठराशे रुपये लेखा विभागात रोख भरून पावती घ्यावी, असे त्यांनी सुचवले. काही तंत्रज्ञांना हे मान्य होते, कारण पगारचिठ्ठी निदान स्वच्छ दिसली असती. मी त्याला ठाम विरोध केला. कामगाराने मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला दिलेली प्रत्येक रक्कम ही वेतनातील कपातच समजली जाईल, असे कलम ७ च्या पहिल्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. कायदा करणाऱ्यांनी ही पळवाट १९३६ मध्येच बंद केलेली होती.

दुसरा पर्याय प्राधिकाऱ्याकडे कलम १५ खाली अर्ज करण्याचा होता. येथे मुदतीचा प्रश्न होता: कपात झाल्यापासून बारा महिन्यांत अर्ज करावा लागत असे. पहिली कपात ७ मे २०२३ रोजी झालेली असल्यामुळे हाताशी थोडेच आठवडे होते आणि त्यानंतरचा प्रत्येक महिना एकेक कपात मुदतीबाहेर ढकलणार होता. अवैध कपात सिद्ध झाल्यास परताव्याबरोबर कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला होता.

या मार्गात वेतनमर्यादेची अडचण होती. ऑगस्ट २०१७ पासून हा कायदा दरमहा २४,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच लागू होता आणि अकरापैकी चार ज्येष्ठ तंत्रज्ञांची एकूण रक्कम त्याहून अधिक दिसत होती. त्यांना वगळूनच अर्ज करावा, असे संघटनेत जवळपास ठरले होते. पण ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येत प्रवासभत्ता आणि भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा धरला जात नाही. पगारचिठ्ठ्या ओळीओळीने तपासल्या तेव्हा चौघांपैकी दोघांची रक्कम प्रवासभत्ता वजा केल्यावर २४,००० च्या आत आली. उरलेल्या दोघांसाठी वेगळा मार्ग शोधणे भाग होते.

तो तिसरा पर्याय औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये होता. त्याच्या चौथ्या अनुसूचीत रूढ सवलत काढून घेणे हा विषय होता आणि अशा बदलापूर्वी कलम ९-अ नुसार एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. कंपनीने फक्त परिपत्रक काढले होते. या मुद्द्यावर सहायक कामगार आयुक्तांकडे समेटाची, म्हणजे शासकीय मध्यस्थीने तडजोडीची, कार्यवाही सुरू करता येणार होती आणि तिला वेतनमर्यादा आड येत नव्हती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात जाण्याचाही विचार झाला, परंतु तेथे तक्रारीसाठी नव्वद दिवसांची मुदत असते आणि परिपत्रकाला अकरा महिने उलटून गेले होते.

प्रत्यक्ष कार्यवाही

शेवटी दोन मार्ग एकाच वेळी धरले. मार्च २०२४ मध्ये नऊ जणांचा एकत्रित अर्ज प्राधिकाऱ्याकडे दाखल केला. एकाच आस्थापनेतील, एकाच कारणाने कपात झालेल्या कामगारांना कलम १६ नुसार असा एकच अर्ज करता येतो. त्या वेळेपर्यंत प्रत्येकाच्या अकरा महिन्यांच्या १९,८०० रुपयांप्रमाणे वाहन शुल्काची मागणी १,७८,२०० रुपयांची होती. नुकसान आणि चलनांच्या रकमा वेगळ्या मांडल्या. त्याच आठवड्यात संघटनेने अकराही जणांच्या वतीने सहायक कामगार आयुक्तांकडे मागणीपत्र दिले.

दुहेरी मार्गाला संघटनेत विरोध होता. दोन ठिकाणी अर्ज केला तर व्यवस्थापन चिडेल आणि गाड्याच काढून घेईल, ही भीती खोटी नव्हती. तसे सूचित करणारे एक तोंडी निरोपवजा वक्तव्य आलेही होते. माझे म्हणणे असे होते की समेटाची कार्यवाही चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांचे नुकसान होईल अशा रीतीने मालकाला बदलता येत नाहीत, म्हणून ती कार्यवाही हेच त्यांचे संरक्षण आहे. शिवाय गाड्या रात्री कारखान्यात लावल्या तर चार तासांची हमी कंपनीलाच पाळता आली नसती. दोन रात्री झालेल्या चर्चेनंतर संघटनेने हा निर्णय घेतला आणि तो सर्वांच्या सह्यांनी घेतला, हे महत्त्वाचे.

पुरावा जमवण्याचे काम वाटले त्याहून कष्टाचे निघाले. गाड्यांची लॉगबुके अर्धवट भरलेली होती. सुदैवाने रात्रीच्या कॉलची नोंद ग्राहकांच्या सेवा-अहवालांत होती, कारण त्यावर ग्राहकाच्या प्रतिनिधीची वेळेसह सही लागत असे. या अहवालांवरून तंत्रज्ञ रात्री किंवा पहाटे थेट घरून ग्राहकाकडे किती वेळा गेले, याचा तक्ता तयार केला. समेट अधिकाऱ्यांसमोर कायद्याच्या कलमांपेक्षा या तक्त्याने जास्त काम केले, कारण तो पाहिल्यावर घरी उभी असलेली गाडी ही कामगाराची चैन आहे असे कोणालाही म्हणता येईना.

नुकसानीच्या दोन घटना वेगवेगळ्या हाताळाव्या लागल्या. पहिल्या घटनेत ग्राहकाच्या आवारात मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टने उभ्या व्हॅनला धडक दिली होती. दुरुस्तीला ९,४०० रुपये लागले, त्यापैकी ६,२०० विम्यातून मिळाले, तरी कंपनीने पूर्ण ९,४०० रुपये दोन हप्त्यांत तंत्रज्ञाच्या पगारातून कापले आणि त्याला विचारलेही नाही. दुसऱ्या घटनेत तंत्रज्ञाने उतारावर हँडब्रेक न लावता गाडी सोडली होती; ५,८०० रुपयांचे नुकसान झाले आणि त्याने आपली चूक लेखी मान्य केली होती. दोन्ही घटना एकाच मापाने मोजून सगळे परत मागावे, असा आग्रह काहींनी धरला. मी तसे केले नाही आणि त्या तंत्रज्ञानेही ते मानले. जी कपात कायद्यात बसते तिच्यावर भांडलो असतो, तर जी बसत नाही तिच्याबद्दलचे आमचे म्हणणे कमकुवत झाले असते.

निष्पत्ती

चार बैठकांनंतर जुलै २०२४ मध्ये समेट अधिकाऱ्यांसमोर करार झाला. त्या वेळेपर्यंत जूनच्या पगारासह पंधरा महिन्यांची कपात झालेली होती. प्रत्येकी २७,००० प्रमाणे अकरा जणांचे २,९७,००० रुपये तीन हप्त्यांत परत करण्याचे कंपनीने मान्य केले आणि ते वेळेवर दिले. २४,००० च्या वर वेतन असलेले दोघेही यात आले. केवळ प्राधिकाऱ्याकडचा अर्ज केला असता तर ते बाहेर राहिले असते. फोर्कलिफ्टच्या घटनेतील ९,४०० रुपये पूर्ण परत मिळाले. हँडब्रेकच्या घटनेतील ५,८०० रुपये कंपनीकडेच राहिले.

चलनांबाबतची व्यवस्था मला विशेष योग्य वाटते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदत संपल्याबद्दल आलेले चलन कंपनीने स्वतः भरायचे ठरले, कारण कागदपत्रे अद्ययावत ठेवणे हे गाडीच्या मालकाचे काम आहे. वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन चालकाने थेट शासनाकडे भरायचे, कंपनीकडे नव्हे. त्यामुळे ती रक्कम मालकाला दिलेली ठरत नाही आणि कपातीचा प्रश्नही येत नाही. खासगी कामासाठी गाडी न्यायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी आणि तेवढे इंधन तंत्रज्ञाने स्वतः पंपावर भरावे, असेही कलम करारात आले.

त्याबदल्यात भरपाईची मागणी सोडून प्राधिकाऱ्याकडील अर्ज मागे घ्यावा लागला. यावर मतभेद होते आणि ते मी क्षुल्लक मानत नाही. अर्ज चालवला असता तर काही पट भरपाई मिळण्याची शक्यता होती आणि पुढच्या कामगारांना उपयोगी पडेल असा निर्णयही मिळाला असता. दुसऱ्या बाजूला अपिलात वर्षे गेली असती आणि दोघे ज्येष्ठ वाऱ्यावर राहिले असते. कामगारांनी पैसे हातात येणे निवडले. या निवडीमुळे ‘व्हॅन म्हणजे हत्यार’ हा मुद्दा तपासला गेलाच नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

वेगळे काय करता आले असते

व्यवस्थापनाच्या बाजूने पाहिले तर परिपत्रकापूर्वी दोन गोष्टी तपासायला हव्या होत्या: आपलीच जुनी सूचना आणि कपातीला आधार देणारा शासनादेश आहे की नाही. खासगी वापर खरोखर वाढला होता, ही त्यांची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. दोन गाड्यांच्या जी.पी.एस. नोंदींत सुटीच्या दिवशीचे लांबचे प्रवास होते. पण त्याचा उपाय त्या दोघांशी बोलून करता आला असता. दोघांच्या वापरासाठी अकरा जणांकडून सरसकट शुल्क घेतल्याने ज्याने गाडी कधीच खासगी कामाला नेली नाही त्याच्या मनाला ते सर्वांत जास्त लागले.

कामगारांच्या बाजूने, पहिल्याच पगारचिठ्ठीनंतर हालचाल करून नव्वद दिवसांत तक्रार दाखल केली असती तर औद्योगिक न्यायालयाचा मार्ग उघडा राहिला असता. संमतिपत्रावर सही टाळता येत नसेल, तर ‘आक्षेप राखून’ असे हाताने लिहून सही करणे शक्य होते. लॉगबुक रोज भरणे हा तर स्वतःचाच पुरावा आहे.

एका गोष्टीचे शल्य राहिले आहे. वर मोजलेल्या अकरा जणांखेरीज बारावा एक तंत्रज्ञ नोव्हेंबर २०२३ मध्ये राजीनामा देऊन गेला होता आणि त्याच्याही सात महिन्यांच्या पगारातून ही कपात झालेली होती. करार झाला तेव्हा तो सेवेत नसल्याने त्याला त्याचा लाभ मिळाला नाही. वेगळा अर्ज करण्यासाठी त्याच्याशी संपर्क साधला, पण नव्या नोकरीत चौकशी होईल या भीतीने तो पुढे आला नाही आणि त्याची मुदत निघून गेली.

आज हाच प्रश्न उभा राहिला तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे आणि १९३६ च्या अधिनियमाची जागा तिने घेतली आहे. कपातीची तत्त्वे बहुतांशी तीच आहेत: परवानगीच्या यादीबाहेर कपात नाही, सोयीसाठी शासनाची मान्यता हवी, मालकाला दिलेली रक्कम ही कपातच, आणि हक्क सोडून देणारा करार निरर्थक. एकूण कपात वेतनाच्या पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये, अशी मर्यादाही आहे.

तीन बदल मात्र या प्रकरणाच्या दृष्टीने मोठे आहेत. वेतनमर्यादा राहिलेली नाही, म्हणून प्रवासभत्ता वजा करून दोघांना आत आणण्याची आणि उरलेल्या दोघांसाठी वेगळे दार शोधण्याची गरज पडणार नाही. अर्जाची मुदत बारा महिन्यांऐवजी तीन वर्षे झाली आहे. आणि अनधिकृत कपातीचा दावा आला की देणे चुकते केल्याचे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ नुसार मालकावर आहे. नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञासारख्या कामगाराला तीन वर्षांची ही मुदत पुरेशी आहे; नव्या नोकरीत स्थिरावल्यानंतरही तो अर्ज करू शकेल आणि अर्जासोबत जोडण्यासाठी त्याच्याकडे पगारचिठ्ठ्या आणि बँकेच्या नोंदी असल्या तर बाकीचा हिशेब कंपनीला मांडावा लागेल.